मिठागराचा खेळ

हे लिहायला बसताना आधी माफी मागतो. व्हिडिओ गेम बनवण्याविषयी ज्यांनी लिहावं ती माणसं वेगळी. त्यांचे खेळ घरोघरी खेळले जातात. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि लेखन म्हणावं असं परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मी काही केलेलं नाही. हा अधिकार तुला कुणी दिला, असं कुणी विचारलं तर गप्पच बसावं लागेल. पण तो काळ आठवला की माझ्या बोटांना अजून चैन पडत नाही. बोलायला गेलो तर अडखळतो. लिहिताना निदान खोडता येतं, म्हणून लिहितो आहे.

आमचं घर वसईच्या खाडीकडच्या एका गावात. वडील मिठागरावर कामाला होते. आई घर बघायची आणि पावसाळ्यात भाताचा एक तुकडा. थोरली बहीण वालीवला, प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. दहावीनंतर तिनं शाळा सोडली आणि मी सोडली नाही, यात माझी हुशारी किती आणि तिचे कष्ट किती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी वसईच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला होतो, म्हणून बहीण मला 'कंप्युटर' म्हणायची. नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती.

कॉलेजच्या लॅबमध्ये चपला-बूट बाहेर काढून जावं लागे. आत गार वाटायचं आणि मोज्यांचा वास यायचा. दुसऱ्या वर्षी एका प्रॅक्टिकलला आम्हाला साधा प्रोग्राम दिला होता: काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका काढायचा आणि बाणाच्या कळांनी तो हलवायचा. माझा दोनदा चुकला. मग मी कळ दाबली आणि ठिपका उजवीकडे सरकला. परत दाबली, परत सरकला.

"ऐकलं!" मी मोठ्यानं म्हणालो.

"कुणी?" शेजारच्या मित्रानं विचारलं.

"ठिपक्यानं."

"येडा झाला हा," तो मागच्या बाकाकडे वळून म्हणाला. "याला गावाला पाठवा रे."

हा मित्र आचोळ्याला राहायचा. त्याचे वडील मुंबईत नोकरीला, मूळ गाव खाली कोकणात, आणि घरी स्वतःचा कॉम्प्युटर. त्याला माझं हसू यायचं, पण आपल्या घरचा कॉम्प्युटर त्यानं मला कधी नाकारला नाही. त्या दिवशी मी घरी चालत गेलो आणि सगळ्या वाटेवर मला तो ठिपकाच दिसत होता. आजवर जे खेळ मी सायबर कॅफेत दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिले होते, ते आकाशातून पडलेले नव्हते. कुणीतरी बसून, असाच एक एक ठिपका सांगून, ते बनवले होते. ही गोष्ट इतरांना आधीपासून माहीत असेल. मला त्या दिवशी कळली.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आमच्या लॅबच्या मॅडमनी नोटीस बोर्डावर एक कागद लावला. दुसऱ्या एका शहरातल्या विद्यापीठात व्हिडिओ गेम बनवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला होता, पदवीनंतरचा. जागा थोड्या, निवड झालेल्यांना फी माफ, आणि राहायची सोय तिथंच. मार्कांपेक्षा त्यांना एकच गोष्ट हवी होती: तुम्ही स्वतः बनवलेला एक खेळ, सीडीवर.

मी मॅडमना जाऊन विचारलं, "मॅडम, हे खरंच शिकवतात?"

"शिकवतात."

"आणि पदवी देतात?"

"देतात बाबा. आता खेळ बनव, मला काय बघतोस?"

घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "खेळ शिकायला कॉलेज?"

"मग काय," बहीण म्हणाली, "एक वर्ष गोट्या, एक वर्ष विटीदांडू."

वडील हसले नाहीत. बहिणीच्या कंपनीत माल पाठवण्याच्या खात्यात कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवा होता, आणि तिनं आपल्या सुपरवायझरकडे माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. जूनपासून कामावर यायचं. ती नोकरी आमच्या घरासाठी लहान नव्हती.

"हे बघ," वडील शेवटी म्हणाले. "तिकडनं बोलावनं आलं तर जा. मी आडवा येनार नाय. पन जून लागेपर्यंत आलं नाय, तर बायनं बघून ठेवलंय तिथं जायचं. मग परत खेळाचं नाव नाय काढायचं."

मी हो म्हटलं. आत कुठंतरी मी उड्या मारत होतो. मला 'नाही' म्हटलं नव्हतं कुणी.

आधी मी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ करायला घेतला. मित्रानंच सुचवला होता. तीन आठवडे घालवले. गाडी धावायची, वळायची, पण मला स्वतःला तिच्यात काही वाटत नव्हतं. मी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. एका रविवारी वडिलांचा डबा घेऊन मिठागरावर गेलो आणि बांधावर उभा राहिलो. उधाणाची भरती चढत होती. बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, फळी वर केली की खाडीचं पाणी आत धावतं, पुरेसं आलं की फळी खाली टाकायची. मग ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, उन्हात दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. फळी लवकर टाकली तर पाणी कमी पडतं, उशिरा टाकली तर बांध फुटतो. मी डबा हातात धरून तसाच उभा होतो. हा खेळच होता की! लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर चालला होता.

"डबा देतोस का उभाच राहतोस?" वडील ओरडले.

त्या आठवड्यात मी वेड्यासारखं काम केलं. वाफे चौकोनांचे, बांध तपकिरी रेघांचे, पाणी निळं, आणि दाट होत जाईल तसं फिकं. सगळ्यात अभिमान मला भरतीचा वाटत होता. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला कुणी छापील तक्ता बघत नाही. तिथीची पाऊणपट करायची: अष्टमीला सहा वाजता, द्वितीयेला दीड वाजता. मी कॉम्प्युटरच्या तारखेवरून तिथी काढली, तिथीवरून भरती काढली, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीला भांगाचं उथळ पाणी, सगळं बरोबर बसवलं. खाडीवर जाऊन पाण्याशी ताडून पाहिलं. जुळलं तेव्हा मी बांधावर एकटाच टाळ्या वाजवल्या.

मग मित्राला लॅबमध्ये खेळायला बसवलं. द्वितीया होती, मुद्दाम तोच दिवस धरला होता, म्हणजे पाणी चांगलं चढेल. तो बसला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

त्यानं कळा दाबल्या. फळी वर गेली, खाली आली. बाकी काही झालं नाही.

"पाणी कुठाय?"

"येईल ना."

"कधी?"

"दीड वाजता."

"गेममधले दीड?"

"नाही," मी म्हणालो. "दीड."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग त्यानं डोकं कीबोर्डवर ठेवलं आणि इतका हसला की लॅब असिस्टंट धावत आला. "अरे यार, तीन तास? मी तीन तास इथं फळीकडे बघत बसू? आणि अष्टमीला काय, सुट्टी?"

"अष्टमीला पाणी घेतच नाहीत," मी म्हणालो, आणि तो पुन्हा कोसळला.

खरं सांगतो, भरती लवकर आणता येते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गावात पाण्याला घाई करता येत नाही. दर पंधरवड्याला बघतो तेच मी पडद्यावर ठेवलं होतं. पण खुर्चीत बसलेल्या माणसासाठी वेळ मीच ठरवायचा असतो, हे त्या हसण्यातून मला लख्ख कळलं. मी पूर्ण पंधरवडा थोड्या मिनिटांत बसवला. आता चंद्र आभाळातून सरकताना दिसायचा आणि त्याच्या मागोमाग पाणी चढायचं-उतरायचं. मित्राच्या घरी नेऊन लावलं तर त्याचा कॉम्प्युटर नवा, वेगवान. तिथं भरती-ओहोटी पापणी लवावी तशी होऊ लागली. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तू वेग मशीनवर सोडलायस. घड्याळावर बांध." बांधला. सगळीकडे पाणी सारखं चढू लागलं. मला वाटलं, झाला खेळ.

तेव्हा बहिणीला दाखवायचं ठरवलं. रविवारी तिला आचोळ्याला मित्राच्या घरी घेऊन गेलो. मित्राच्या आईनं पोहे केले. बहीण खुर्चीच्या टोकावर बसली, पदर सावरला, आणि पहिल्याच उधाणाला फळी अशी नेमकी वर केली आणि खाली टाकली की आम्ही दोघं बघत राहिलो. आणि मग तिनं कीबोर्डवरून हात काढले, पोह्यांची ताटली मांडीवर घेतली आणि मित्राच्या आईला विचारलं, "शेंगदाने भाजून घातलेत का?"

"ताई, खेळ चालू आहे," मी म्हणालो.

"असू दे ना. पानी बसतंय आता. सुकायला नको?"

ती पोहे खात होती आणि पडद्यावर ऊन तापत होतं. तिला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. आणि ती म्हणत होती ते बरोबर होतं. फळी टाकल्यावर माझ्या खेळात करण्यासारखं काहीच नव्हतं.

"ताई, कंटाळा येतो का गं?"

तिनं विचार केला. "खेकडं कुठायत?"

"कसले खेकडे?"

"कसले म्हनजे? पानी आत घेतलं की बांधावर आपन काय करायचो? बाबा बसायचे बिडी ओढत आनि आपन खेकडं धरायचो. बांधाला भोकं पाडतात मेले. तुझ्या बोटाला नव्हता डसला एक? केवढा रडलेलास!"

"काय सांगता!" मित्र पुढे सरकला. "रडला?"

"गावभर. कंप्युटर, तुझ्या खेळात खेकडं नसतील तर मी नाय खेळनार."

मला पोहे संपवता आले नाहीत. मी तिथंच बसलो आणि खेकडा काढायला लागलो: आठ पाय, दोन नांग्या, दोन ठिपके डोळ्यांचे. पाणी आत असताना खेकडे बांधात शिरणार, भोक पडणार, भोकातून पाणी गळणार. खेळणाऱ्यानं धावत जाऊन भोक बुजवायचं किंवा त्याआधी खेकडा धरायचा. मागून धरला तर धरला, समोरून हात घातला तर डसणार. डसला की माणूस थोडा वेळ बोट तोंडात घालून उभा. हे शेवटचं बहिणीच्या आग्रहाखातर.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये जे झालं ते मी विसरणार नाही. प्रॅक्टिकल संपलं होतं. मी एकाला बसवलं होतं, नुसतं तपासायला. त्याच्यामागे दुसरा उभा राहिला, मग चौघी मुली, मग दाराशी चपला घालून निघालेले परत चपला काढून आत आले.

"डावीकडे! डावीकडे बघ, भोक पाडतोय!"

"फळी, फळी टाक आधी!"

"अरे मागून धर, येड्या! गेला ना!"

माणूस बोट तोंडात घालून उभा राहिला आणि सगळी लॅब हसली. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. मी ज्यांच्याशी नीट बोलूही शकत नव्हतो अशी मुलं माझ्या गावाच्या बांधावर धावत होती. त्यांना उधाण कळत होतं. एक मुलगी म्हणाली, "थांब, चंद्र अर्धा आहे, आता पाणी नाही येणार," आणि मला वाटलं, आपण आता जोरात ओरडणार.

तेवढ्यात दारात मॅडम आल्या. गर्दी फाकली. त्या पडद्याजवळ गेल्या, चष्मा वर केला आणि खेळणाऱ्याला म्हणाल्या, "उठ. मला बघू दे." दोन खेकडे त्यांनी धरले. तिसरा डसला. "आई गं," त्या खरोखर म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "पाठवला का?"

सायबर कॅफेत सीडी करून घेतली, दोन ठिकाणी चालवून पाहिली आणि कुरिअरनं पाठवली. सोबतच्या अर्जात फोन नंबर हवा होता. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून मित्राच्या घरचा दिला. निवड झाली तर मे महिन्यात आम्ही फोनवर कळवू, असं त्यांनी लिहिलं होतं.

परीक्षा झाली. मे उजाडला. पहिले काही दिवस मी मुद्दाम गेलो नाही, उतावळा दिसेन म्हणून. मग राहवेना. आचोळ्याला गेलो तर मित्राच्या दाराला कुलूप.

समोरच्या काकू बाहेर आल्या. "गावाला गेले ना सगळे. दर मेमध्ये जातात. शाळा उघडायच्या वेळेला येतील."

मला हे माहीत असायला हवं होतं. दर वर्षी तो आंब्याच्या पेट्या घेऊन येतो, मीही खाल्ले होते. पण आमचं गाव म्हणजे आम्ही राहतो तेच. मे महिन्यात मजलेच्या मजले रिकामे होतात, हे अर्ज भरताना मला सुचलं नाही, आणि आपण नसताना फोन कोण घेणार, हे त्याला.

"फोन मात्र वाजतो हो अधूनमधून," काकू म्हणाल्या. "परवा तर किती वेळ वाजत होता."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. काकूंनी पाणी दिलं. थोड्या वेळानं दाराच्या आत फोन वाजला. मी उठून दाराला कान लावला. वाजला, थांबला, परत वाजला. हातभर अंतरावर होता. कुणाचाही असेल, मी स्वतःला सांगत होतो, नातेवाइकांचा असेल. पण मला भीतीपेक्षा आनंदच जास्त होत होता. कुणीतरी कुठूनतरी इतक्या चिकाटीनं फोन करत होतं.

खाली येऊन एसटीडी बूथवरून मी त्या विद्यापीठाचा नंबर लावला. एका बाईंनी उचलला. मी नाव सांगायच्या आतच त्या घाईत हिंदीत म्हणाल्या की निकालासाठी कृपया फोन करू नका, दिलेल्या नंबरवर आम्हीच करतो. मी "जी मॅडम" म्हणालो आणि ठेवून दिला. दुसरा नंबर देऊ का, हे विचारायचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि निघालं नाही. मग आचोळ्याच्या त्या जिन्यावर मी आणखी काही वेळा जाऊन बसलो. दाराच्या आत पुन्हा काही वाजलं नाही.

जून लागला. वडिलांनी आठवण करून दिली नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी माझा शर्ट आईकडे इस्त्रीला दिला, एवढंच. सकाळी मी आणि बहीण बसनं वालीवला गेलो. ती वाटेत एकदाच बोलली.

"बोलावनं आलं असतं तर कळलं असतं ना रे?"

"कोण जाणे, ताई."

माल पाठवण्याच्या खोलीत मला खुर्ची दिली. कॉम्प्युटर कॉलेजच्यापेक्षा जुना होता. सुपरवायझर भला माणूस होता. डब्यांचे आकार, गिऱ्हाइकांची नावं, कुठं काय भरायचं ते त्यानं शांतपणे समजावलं. मी भरायला लागलो. बाहेर मशीनचा एकसारखा धडधडाट. वडिलांना दिलेला शब्द मी मोडणार नव्हतो. पण खरं सांगायचं तर, डब्यांच्या चौकोनी आकारांकडे बघताना मी मनात त्यांचे वाफे करत होतो.

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी गेटवर कसला तरी आवाज झाला. वॉचमन कुणाला तरी आत सोडत नव्हता. खिडकीतून रिक्षा दिसली, आणि रिक्षाच्या बाहेर, अंगात बनियन आणि वर उघडा शर्ट, केस विस्कटलेले, हातवारे करणारा माझा मित्र. तो सकाळीच गावाहून पोचला असणार आणि आमच्या घरी विचारून इथं आला असणार. मी उठणार तेवढ्यात पॅकिंगमधून बहीण गेटकडे धावताना दिसली. कामाच्या वेळेत धावायला तिथं मनाई होती. ती त्याच्याजवळ पोचली. तो काहीतरी बोलला. तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, परत काहीतरी विचारलं, त्यानं जोरजोरात मान हलवली.

मग ती वळली आणि माझ्या खोलीकडे यायला लागली. हातमोजे तसेच, टोपी तशीच. मी उभा राहिलो. सुपरवायझरही उभा राहिला, का ते त्यालाही माहीत नसावं.

ती दारात आली. तिला धाप लागली होती.

"कंप्युटर, ऊठ," ती म्हणाली, मी उभा असूनही. "घरात सामान ठेवल्या ठेवल्या फोन वाजला म्हनतो. महिनाभर करतायत ते लोक. आज शेवटचा केला." तिनं श्वास घेतला. "तुला घेतलाय त्यांनी. आजच्या आज फोन करून हो सांगायचंय."